अपूर्ण मॉडेल आणि चालता कारखाना : रिअल-टाइम ऑप्टिमायझेशनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड या पट्ट्यातील साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आणि औद्योगिक वसाहतींतील अभियंत्यांकडून, तसेच सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून गेल्या काही गाळप हंगामांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे बहुतेक साखर कारखान्यातील आहेत, कारण विचारणारेही बहुतेक तिथलेच आहेत. गणितासाठी घेतलेले आकडे काल्पनिक असून तसे त्या त्या ठिकाणी म्हटले आहे.

१. रिअल-टाइम ऑप्टिमायझेशन म्हणजे नेमके काय? आमच्याकडे डीसीएस आहे, मग ते आपोआप होत नाही का?

होत नाही. डीसीएस (कारखान्याची संगणकीकृत नियंत्रण यंत्रणा) आणि त्यातील पीआयडी लूप (एकेक मोजमाप ठरल्या जागी राखणारे नियंत्रक) यांचे काम दिलेला सेटपॉइंट, म्हणजे ठरवून दिलेली किंमत, सांभाळणे हे आहे. तो सेटपॉइंट मुळात किती असावा, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. शेवटच्या मिलला द्यायच्या इंबिबिशन पाण्याचे, म्हणजे उरलेला रस धुऊन काढण्यासाठी चोथ्यावर सोडलेल्या पाण्याचेच घ्या. पाणी वाढवले की बगॅसमध्ये (रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यात) राहणारी साखर कमी होते, म्हणजे साखरेचा उतारा सुधारतो. पण तेच पाणी पुढे इव्हॅपोरेटरमध्ये (रस आटवणाऱ्या पात्रांत) उडवावे लागते, त्यासाठी वाफ खर्च होते, बगॅसची बचत घटते आणि को-जनमधून (बगॅस जाळून वीज बनवणाऱ्या प्रकल्पातून) विकली जाणारी वीजही कमी होते. पाणी कमी केले तर हे सारे उलट होते. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सर्वांत जास्त फायद्याचा बिंदू असतो, आणि तो उसाची जात, तोडणीनंतर गेलेला वेळ, इव्हॅपोरेटरवर चढलेला थर आणि विजेचा दर यांप्रमाणे सरकत राहतो. त्या सरकत्या बिंदूचा चालू कारखान्यातील मोजमापांच्या आधारे दर काही तासांनी शोध घेऊन खालच्या लूपला नवे सेटपॉइंट देणाऱ्या थराला रिअल-टाइम ऑप्टिमायझेशन म्हणतात.

२. मग मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, म्हणजे एमपीसी, हे तेच का?

नाही, जरी दोन्हींत मॉडेल (कारखान्याच्या वागण्याचे गणिती वर्णन) आणि ऑप्टिमायझेशन असले तरी. एमपीसी मिनिटा-मिनिटाला काम करते आणि प्लांटला ठरलेल्या लक्ष्याकडे मर्यादा न ओलांडता कसे न्यायचे ते पाहते. या पानाचा विषय ते लक्ष्य ठरवणे हा आहे. अलीकडे दोन्ही थर एकत्र करणाऱ्या पद्धतीही वापरात आहेत, त्यांना इकॉनॉमिक एमपीसी म्हणतात, पण मॉडेल चुकीचे असण्याची अडचण त्यांनाही सुटलेली नाही.

३. 'अपूर्ण मॉडेल' म्हणजे आकडे चुकलेले मॉडेल, की सूत्रच चुकलेले मॉडेल?

दोन्ही, आणि हा फरक पुढील सर्व उत्तरांच्या मुळाशी आहे. सूत्र बरोबर असून त्यातील एखादा गुणांक, समजा इव्हॅपोरेटरचा उष्णता-संक्रमण गुणांक, चुकीचा असेल तर मोजमापांवरून तो सुधारता येतो. परंतु मॉडेलची रचनाच वास्तवाहून साधी असेल, तर गुणांकाची कोणतीही किंमत ते बरोबर करू शकत नाही. एकामागोमाग जोडलेल्या पाच पात्रांच्या, म्हणजे बॉडींच्या, इव्हॅपोरेटरमध्ये १ किलो वाफेने ५ किलो पाणी उडते, हे अशा इव्हॅपोरेटरचे जनक नॉर्बर्ट रिल्यू यांच्या तत्त्वावरून निघणारे ढोबळ गृहीतक आहे. प्रत्यक्षात उष्णतेची गळती, रसाच्या उत्कलनबिंदूतील वाढ आणि मधल्या बॉडींतून काढली जाणारी वाफ यांमुळे ते तसे राहत नाही. मिलमध्ये पाणी आणि रस पूर्ण मिसळतात, हे गृहीतकही असेच आहे. कारखान्यातील बहुतेक मॉडेले या दुसऱ्या प्रकारे अपूर्ण असतात, आणि अधिक पैसे खर्च करून ती 'पूर्ण' होतील ही आशा माझ्या मते सोडून द्यावी.

४. मॉडेल दर तासाला मोजमापांशी जुळवून घेतले आणि मग ऑप्टिमाइझ केले, तर काय बिघडते?

ही सर्वांत रुळलेली पद्धत आहे. आधी गुणांकांचा अंदाज घ्यायचा, मग सुधारलेल्या मॉडेलवर सर्वोत्तम बिंदू काढायचा, असे तिचे दोन टप्पे असतात. मॉडेलची रचना बरोबर असेल तर ती उत्तम चालते. रचना चुकीची असेल तर ती आकडे तंतोतंत जुळवूनही कायम चुकीच्या जागी थांबू शकते, आणि स्क्रीनवर काहीच बिघडलेले दिसत नाही.

एक काल्पनिक हिशेब पाहू. इंबिबिशन उसातील तंतूच्या वजनाच्या टक्केवारीत मोजू आणि नफा ताशी हजार रुपयांत. समजा मॉडेल सांगते की नफा = ६० − ०.००२ × (पाणी − २५०)², आणि खरा कारखाना, जो आपल्याला सूत्ररूपाने कधीच दिसत नाही, असा वागतो की नफा = ५० − ०.००३ × (पाणी − २२०)². मॉडेलच्या मते २५० टक्के पाणी सर्वोत्तम आहे, म्हणून आपण तिथे जातो. तिथे प्रत्यक्ष नफा ४७.३ मोजला जातो, तर मॉडेलने ६० सांगितलेले असते. मॉडेलमध्ये बदलता येण्याजोगा गुणांक म्हणजे फक्त पहिली स्थिर संख्या, असे धरा. ती ६० वरून ४७.३ केली की मॉडेल आणि कारखाना तंतोतंत जुळतात. पण सर्वोत्तम बिंदू? तो अजूनही २५०च राहतो, कारण स्थिर संख्या बदलल्याने वक्र खाली सरकतो, त्याचे शिखर बाजूला सरकत नाही. खरे शिखर २२० वर आहे आणि तासाला २.७ हजार रुपये जात आहेत, तरी जुळणीचा अहवाल निर्दोष येतो.

म्हणून मॉडेलची पारख करताना 'मॉडेल मोजमापांशी किती जुळते' याऐवजी 'जिथे आपण उभे आहोत तिथे मॉडेलचा उतार कारखान्याच्या उताराशी जुळतो का' हे विचारावे. उतार म्हणजे पाणी थोडे वाढवल्यास नफा किती बदलतो ते, आणि उंची म्हणजे नफ्याचा आकडा. उंची चुकली तरी चालते, पण उतार चुकला तर वाट चुकते.

५. मग मॉडिफायर अॅडॅप्टेशन हे नेमके काय करते? सूत्रे कमी आणि उदाहरण जास्त द्यावे.

ते मॉडेलच्या गुणांकांना हात न लावता मॉडेलला एक दुरुस्तीचे पद जोडते. त्या पदालाच मॉडिफायर म्हणतात. दुरुस्ती अशी निवडतात की सध्याच्या बिंदूवर मॉडेलचा उतार कारखान्यावर मोजलेल्या उताराएवढा होईल. या विचाराची सुरुवात पी. डी. रॉबर्ट्स यांच्या १९७९ मधील कामापर्यंत जाते, आणि आज वापरले जाणारे रूप मार्चेट्टी, शाशुआ आणि बोन्व्हाँ यांनी २००९ मध्ये मांडले.

प्रश्न ४ मधीलच आकडे घेऊ. २५० वर कारखान्याचा उतार −०.१८ येतो, म्हणजे पाणी १ टक्क्याने वाढवल्यास नफा ०.१८ ने घटतो. मॉडेलचा उतार तिथे शून्य आहे. फरक −०.१८, हाच मॉडिफायर. तो जोडून मॉडेलचे नवे शिखर काढले तर २०५ येते. २०५ वर पुन्हा मोजू: कारखान्याचा उतार +०.०९, मूळ मॉडेलचा +०.१८, म्हणून नवा मॉडिफायर −०.०९ आणि नवे शिखर २२७.५. त्यापुढच्या फेरीत २१६.२५. आपण खऱ्या शिखराच्या आलटून-पालटून दोन्ही बाजूंना उडी मारतो आहोत. चूक प्रत्येक फेरीला निम्मी होते आणि बिंदू २२० कडे जातो. मॉडेलची स्थिर संख्या अजूनही ६०च आहे आणि त्याची वक्रताही (वक्र किती झपाट्याने वळतो ते) चुकीचीच आहे, तरीही आपण योग्य जागी पोचतो.

ही झोके घेणारी चाल ऑपरेटरला आवडत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मॉडिफायर एकदम पूर्ण न बदलता निम्मा बदलतात. याला फिल्टर म्हणतात. तसे केल्यास वरच्या उदाहरणात बिंदू २५० वरून २२७.५ आणि मग २२१.८७५ असा एकाच बाजूने सरकतो, म्हणजे सावधपणे चालूनही आपण लवकर पोचतो.

६. मॉडेल किती वाईट असले तरी चालते?

उंचीच्या बाबतीत कितीही, उताराच्या बाबतीतही बरेच, पण वक्रतेच्या बाबतीत मर्यादा आहे. एकाच चलाच्या वरच्या उदाहरणात फिल्टर नसताना प्रत्येक फेरीला उरणारी चूक म्हणजे आधीची चूक गुणिले (१ − कारखान्याची वक्रता ÷ मॉडेलची वक्रता). तिथे हे प्रमाण १.५ होते, म्हणून गुणक −०.५ आला. कारखान्याची वक्रता मॉडेलच्या दुपटीहून जास्त असेल तर गुणक −१ च्या पलीकडे जातो आणि झोके वाढतच जातात. यावर फिल्टर हा उपाय आहे. परंतु जिथे कारखान्याचा वक्र डोंगरासारखा आहे तिथेच मॉडेलचा वक्र दरीसारखा असेल, तर कोणताही फिल्टर उपयोगी पडत नाही, कारण मॉडेल तो बिंदू सर्वोत्तम म्हणून कधीच निवडणार नाही. मॉडेल 'पुरेसे' असण्याची ही अट फोर्ब्स, मार्लिन आणि मॅकग्रेगर यांनी १९९४ मध्ये स्पष्ट केली. व्यवहारात एक सोपी पळवाट आहे: ज्या सूत्राची वक्रता सर्वत्र योग्य दिशेची आहे असे साधे, वर्गात्मक सूत्र वापरायचे. तपशीलवार मॉडेलपेक्षा असे साधे मॉडेल अनेकदा कमी त्रास देते, हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण काही तपशीलवार मॉडेले मीच लिहिलेली आहेत.

७. कारखान्याचा उतार मोजायचा कसा? तो काही मीटरवर दिसत नाही.

बरोबर आहे, आणि या सगळ्या पद्धतीची खरी किंमत इथेच मोजावी लागते. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे एक चल, म्हणजे आपल्या हातातली बदलती राशी (जसे पाणी), थोडे हलवायचे, कारखाना नव्या स्थितीत स्थिरावू द्यायचा, दोन्ही स्थितींतील नफ्याची वजाबाकी करायची आणि हलवलेल्या अंतराने भागायची. हे कागदावर एका ओळीत बसते. कारखान्यात पाणी बदलल्यावर मिलचा प्रतिसाद काही मिनिटांत येतो, पण रस, इव्हॅपोरेटर आणि पाकाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी) स्थिरावेपर्यंत बराच वेळ जातो, आणि बगॅसचे पोल (त्यातील साखरेचे प्रमाण) प्रयोगशाळेतून तास-दोन तासांच्या अंतरानेच मिळते. तेवढ्यात गव्हाणीवर दुसऱ्या गावचा ऊस येतो (याविषयी प्रश्न ९ पाहावा).

८. किती हलवायचे? जास्त हलवले तर उत्पादन बिघडते, कमी हलवले तर फरक दिसत नाही.

तुम्ही प्रश्नातच उत्तर दिले आहे. फक्त आकडे घालायचे उरले आहे. चूक दोन ठिकाणांहून येते. पाऊल मोठे असेल तर वक्र वळतो, त्यामुळे दोन बिंदूंमधील सरासरी उतार इथल्या उताराहून वेगळा निघतो. ही चूक पावलाच्या प्रमाणात वाढते. पाऊल लहान असेल तर मोजमापातील नॉइज (निष्कारण चढउतार) लहान संख्येने भागला जातो. ही चूक पाऊल घटताना वाढते. प्रश्न ४ मधील कारखान्यासाठी, सरासरी घेतल्यानंतर नफ्याच्या एका मोजमापात ०.५ एवढे चढउतार उरतात असे धरले, तर ५ टक्क्यांच्या पावलाला एकूण चूक सुमारे ०.१५६, १० ला ०.१०१, २० ला ०.०९५ आणि ४० ला ०.१३८ येते. म्हणजे १५ च्या आसपासचे पाऊल सर्वांत बरे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडे इकडे-तिकडे झाले तरी फारसे बिघडत नाही. पहिल्यांदा काम करणारे जवळजवळ नेहमी पाऊल फार लहान घेतात, कारण ते निरुपद्रवी वाटते.

नॉइज निम्मा करायचा असेल तर सरासरी चौपट वेळ घ्यावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

९. ऊस दर ट्रॉलीला बदलतो. कारखाना कधी स्थिर अवस्थेत येतच नाही, मग हे सारे कशासाठी?

ही या पद्धतीवरची सर्वांत प्रामाणिक हरकत आहे. वरची सर्व मांडणी स्थिर अवस्था गृहीत धरते, आणि गाळप हंगामात ती पुस्तकी अर्थाने क्वचितच मिळते. तरी तीन गोष्टी करता येतात. एक, जी विचलने मोजता येतात ती हिशेबातून वजा करायची: गाळपाचा वेग, उसातील तंतूचे प्रमाण, पहिल्या रसाचा ब्रिक्स. दोन, तुलना करताना आधी आणि नंतर असे दोनच कालखंड न घेता पाणी वर-खाली-वर-खाली असे आलटून-पालटून ठेवायचे, म्हणजे ऊस हळूहळू बदलत गेल्याचा परिणाम बऱ्याच अंशी दोन्ही बाजूंना सारखा पडतो. तीन, कोणत्या तासाची मोजमापे टाकून द्यायची, हे आधीच ठरवायचे. गव्हाण थांबली, मिलचा टर्बाइन ट्रिप झाला किंवा साखर शिजवणाऱ्या पॅनवर वाफेची ओढ अचानक वाढली, तर ते तास बाद. को ८६०३२ जातीचा ताजा ऊस सलग येत असताना मिळालेला उतार आणि मार्चमधील वाळलेल्या उसाच्या दिवशी मिळालेला उतार एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

यानंतरही उतार शून्यापासून वेगळा आहे की नाही हे सांगता येत नसेल, तर ती माहितीच आहे: तुम्ही शिखराजवळ आहात, किंवा तुमची मोजमापे या कामाला पुरेशी नाहीत.

१०. सर्वोत्तम बिंदू शोधताना मर्यादा ओलांडली गेली तर जबाबदारी कोणाची?

तांत्रिक उत्तर असे की मर्यादांनाही मॉडिफायर लावतात. पाकाचा ब्रिक्स ६० च्या खाली जाऊ नये अशी अट असेल, मॉडेल ६२ म्हणत असेल आणि मोजलेला ६०.५ असेल, तर मॉडेलच्या अटीतून १.५ वजा करून पुढची फेरी काढायची. फेऱ्या स्थिरावल्यावर अट पाळली जाते, याची खात्री गणित देते. वाटेत ती मोडली जाणार नाही, याची खात्री देत नाही. म्हणून मर्यादेच्या आत थोडे अंतर राखायचे, फिल्टर सावकाश ठेवायचा आणि बॉयलरचा दाब, मिलवरचा भार अशा सुरक्षिततेच्या मर्यादा ऑप्टिमायझरच्या हाती कधीही द्यायच्या नाहीत. त्या इंटरलॉकच्या (धोका दिसताच यंत्र थांबवणाऱ्या व्यवस्थेच्या) आणि लूपच्या ताब्यातच राहाव्यात.

याच प्रश्नाला जोडून एक सुवार्ता आहे. अनेक कारखान्यांत खरा सर्वोत्तम बिंदू वक्राच्या शिखरावर नसून एखाद्या मर्यादेवरच असतो, उदाहरणार्थ इव्हॅपोरेटर जेवढे पाणी उडवू शकतो तेवढेच इंबिबिशन. जितकी चले तितक्याच मर्यादा घट्ट बसल्या असतील, तर उतार मोजण्याची गरजच राहत नाही. मर्यादेला चिकटून चालणारा साधा लूप पुरतो. आधी हे तपासावे, कारण हे तपासायला एक आठवड्याच्या नोंदी पुरतात आणि मोठे सॉफ्टवेअर विकत घेण्यापासून वाचवतात.

११. मॉडेलशिवाय हे करता येत नाही का?

येते, आणि काही ठिकाणी तेच करावे. जॉर्ज बॉक्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या इव्हॉप पद्धतीत उत्पादन चालू असतानाच ठरावीक लहान बदल पुन्हा पुन्हा करून नोंदी ठेवायच्या आणि फायद्याच्या दिशेने सरकायचे, एवढेच आहे. त्याला कागद, पेन्सिल आणि शिस्त लागते. एक्स्ट्रीमम सीकिंगमध्ये सेटपॉइंटला सतत बारीक लाट दिली जाते आणि नफ्यात उमटणाऱ्या लाटेवरून उतार ओळखला जातो. कल्पना १९२२ इतकी जुनी असली तरी तिच्या स्थिरतेची काटेकोर सिद्धता क्र्स्टिच आणि वांग यांनी २००० मध्ये दिली. अट अशी की प्लांट जलद, लाट त्याहून सावकाश आणि सरकण्याचा वेग सर्वांत सावकाश असला पाहिजे. बगॅस बॉयलरच्या जादा हवेसाठी हे जमते, कारण धुराड्यातील ऑक्सिजनचा प्रतिसाद लवकर मिळतो आणि बगॅसच्या ओलाव्याप्रमाणे सर्वोत्तम हवा सरकत राहते. इंबिबिशनसाठी जमत नाही; लाट एवढी सावकाश द्यावी लागेल की ऊस त्याआधी बदलेल.

तिसरा मार्ग सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी २००० मध्ये 'सेल्फ-ऑप्टिमायझिंग कंट्रोल' या नावाने मांडला: असे एखादे मोजमाप किंवा मोजमापांचे मिश्रण शोधायचे की ते स्थिर धरले की कारखाना आपोआप सर्वोत्तम बिंदूच्या जवळ राहतो. इंबिबिशनचे पाणी लिटरमध्ये न धरता तंतूच्या प्रमाणात धरणे ही त्याचीच जुनी, अनुभवातून आलेली आवृत्ती आहे. गाळप वाढले की पाणी आपोआप वाढते. असे चल सापडले तर वरचा थर दिवसातून एकदा चालवला तरी पुरतो.

१२. माझ्याकडे सहा चले आहेत. प्रत्येकासाठी प्रयोग करायचा तर दिवस संपेल.

संपेल. प्रत्येक स्थितीला तीन तास धरले तर सहा चलांसाठी एका फेरीत अठरा तास केवळ हलवण्यात जातात. यातून सुटण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला, जुन्या फेऱ्यांच्या बिंदूंचाच वापर उतार काढायला करायचा. गाओ आणि एंगेल यांनी २००५ मध्ये ही वाट दाखवली. मात्र जुने बिंदू एका रेषेत आले तर त्या रेषेच्या आडव्या दिशेचा उतार कळत नाही, म्हणून पद्धत अधूनमधून मुद्दाम वेगळ्या दिशेने पाऊल टाकते. दुसरा मार्ग म्हणजे, मॉडेललाच विचारायचे की कोणत्या एक-दोन दिशांना चुकीची किंमत जास्त आहे, आणि फक्त त्याच दिशांचे उतार मोजायचे. मॉडेल चुकीचे असले तरी 'कुठे काळजी घ्यावी' हे ते बऱ्यापैकी सांगते. माझा कल दुसऱ्याकडे आहे, आणि त्याआधी सहापैकी तीन चले वगळता येतात का हे पाहण्याकडे.

१३. डिस्टिलरीतील फर्मेंटर बॅचने चालतात. तिथे स्थिर अवस्थाच नाही.

तिथे उलट सोपे आहे. एक पूर्ण बॅच हाच एक प्रयोग मानायचा आणि फेरी म्हणजे बॅच. मळीचा फीड कसा द्यायचा याचा पूर्ण आलेख दोन-तीन आकड्यांत मांडायचा, जसे फीड सुरू होण्याची वेळ, वेग आणि थांबण्याची वेळ, आणि ते आकडे बॅचागणिक दुरुस्त करायचे. टाकी बदलून वेगळी मळी आली की मॉडिफायर जुने झाले, असे समजावे.

१४. मीटरच चुकीचा असेल तर ही पद्धत ते ओळखेल का?

ओळखणार नाही, ती अत्यंत आज्ञाधारकपणे चुकीच्या दिशेने जाईल. एका कारखान्यात रात्रपाळीला मी स्वतः हे पाहिले आहे. इंबिबिशन पाण्याच्या मीटरचे शून्य सरकले होते आणि तो प्रत्यक्षाहून जास्त पाणी दाखवत होता, शिवाय त्याची चूक प्रवाहाप्रमाणे बदलत होती. ऑप्टिमायझर दर फेरीला पाणी कमी करत होता, आणि माझ्या समोरचा आलेख सुरेख गुळगुळीत होता. पहाटे साडेतीनच्या सुमारास मिलवरच्या माणसाने शेवटच्या मिलमधून पडणारा बगॅस मुठीत दाबला, मूठ उघडून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "साहेब, मीटर काय बी सांगू दे, हात चिकाट झालाय बघा." बगॅसमध्ये साखर जात होती. पोलचा रिपोर्ट त्याच्यानंतर तासाने आला आणि त्याने तेच सांगितले.

स्थिर चूक, म्हणजे मीटर नेहमी सारखेच जास्त दाखवतो अशी, उताराला फारशी बाधत नाही, कारण वजाबाकीत ती निघून जाते. धोकादायक ती चूक असते जी चल बदलले की बदलते. म्हणून उतार मोजण्यापूर्वी वस्तुमानाचा ताळा घ्यावा: ऊस अधिक पाणी बरोबर रस अधिक बगॅस. हा ताळा वजनकाट्याच्या आणि लॅबच्या आकड्यांवरून रोज जुळत नसेल तर ऑप्टिमायझर बंद ठेवावा.

१५. विजेचा किंवा साखरेचा दर बदलला तर पुन्हा पहिल्यापासून प्रयोग करायचे का?

मॉडिफायर थेट नफ्याला लावले असतील तर होय, आणि म्हणूनच ते तिथे लावू नयेत. ते बगॅसमधील पोल, वाफेचा वापर, पाकाचा ब्रिक्स अशा भौतिक राशींना लावावेत. दर हे आपल्याला तंतोतंत माहीत असतात. त्यांत मॉडेलची चूक नसते. भौतिक राशींचे उतार एकदा दुरुस्त केले की नवा दर सूत्रात घालून त्याच दिवशी नवा सेटपॉइंट मिळतो. प्रश्न ४ आणि ५ मध्ये मी नफ्यालाच मॉडिफायर लावला, तो केवळ हिशेब छोटा राहावा म्हणून.

१६. आता हे सगळे एआय करेल ना?

काही भाग करते आहे. कारखाना आणि मॉडेल यांतील फरक गॉसियन प्रोसेस या पद्धतीने शिकायचा, अशी वाट गेल्या काही वर्षांत चांगली रुळली आहे. तिचा मोठा गुण असा की ती आपल्या अंदाजासोबत त्याची अनिश्चितताही सांगते, त्यामुळे नॉइजमध्ये उतार जास्त संयमाने काढता येतो. परंतु संपूर्ण मॉडेलच जुन्या नोंदींवरून शिकवायचे असेल तर सावध राहावे. आपल्याकडील नोंदींत पाणी बहुधा ठरावीक पट्ट्यातच फिरलेले असते, आणि ते फिरले तेव्हाही ऑपरेटरने उसाकडे बघून फिरवलेले असते. अशा नोंदींवरून 'पाणी बदलल्यामुळे' काय होते आणि 'ऊस बदलल्यामुळे' काय होते हे वेगळे करता येत नाही. त्यासाठी मुद्दाम हलवावेच लागते, म्हणजे पुन्हा प्रश्न ७ आणि ८.

१७. हे करणे आमच्यासाठी फायद्याचे आहे की नाही, हे आधी कसे कळेल?

शिखर किती सपाट आहे ते पाहावे. प्रश्न ४ च्या उदाहरणात २२० ऐवजी २१० किंवा २३० वर चालले तर तासाला ०.३ हजारच जातात. ३० टक्के दूर गेले तर २.७ हजार. चूक तिप्पट, नुकसान नऊपट. तुमचा आजचा सेटपॉइंट शिखरापासून जवळ असेल तर अजून जवळ जाण्यासाठी यंत्रणा उभारण्यात अर्थ नाही. हंगामाच्या मध्यावर, ऊस बऱ्यापैकी सारखा येत असताना, दोन-तीन दिवस प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे हाताने चाचणी घेतली तर याचा अंदाज येतो.

१८. दोन महिने नीट चालले, आता सेटपॉइंट दर फेरीला डावी-उजवीकडे उडतो आहे. काय बिघडले?

तीन शक्यता आहेत आणि त्या ओळखण्याची खूण वेगवेगळी आहे. सेटपॉइंट नियमितपणे आलटून-पालटून दोन्ही बाजूंना जात असेल आणि झोके कमी होत नसतील, तर कारखान्याची वक्रता मॉडेलच्या तुलनेत वाढली आहे (प्रश्न ६). फिल्टर अधिक सावकाश करावा. उड्या अनियमित असतील तर तो नॉइज आहे. पाऊल आणि सरासरीचा काळ पुन्हा तपासावा (प्रश्न ८). सेटपॉइंट दोन ठरावीक किमतींमध्येच उडत असेल, तर बहुधा एखादी मर्यादा कधी घट्ट बसते आणि कधी सुटते. इव्हॅपोरेटरवर थर चढत गेला की हे हमखास होते, कारण हंगामाच्या सुरुवातीला सैल असलेली ब्रिक्सची अट तेव्हा घट्ट होते. ऑप्टिमायझरचे मॉडिफायर तीन-चार फेऱ्या गोठवून ठेवा आणि उड्या थांबतात का ते पाहा. थांबल्या तर कारण वरीलपैकी एक आहे. थांबल्या नाहीत तर दोष खालच्या लूपमध्ये आहे आणि तो इन्स्ट्रुमेंट विभागाकडे द्यावा. इव्हॅपोरेटरची सफाई झाल्यावर मर्यादांचे मॉडिफायर शून्यावर आणून, आधीच्या अंतरापेक्षा थोडे जास्त अंतर राखून, पुन्हा सुरुवात करावी.